चार आठवडे आणि एक स्लॅब

आज पदवी घेणाऱ्या माझ्या तरुण सहकाऱ्यांनो,

सहकारी म्हणतोय, कारण उद्यापासून आपण एकाच धंद्यात आहोत. पाहुण्याने मोठी स्वप्नं बघायला सांगायची इथे रीत असते. ते काम आधीच्या पाहुण्यांनी चोख केलं असेल असं धरून मी इंटर्नशिपबद्दल बोलणार आहे. तुमच्यापैकी कितीजणांनी ती खरंच साईटवर केली आणि कितीजणांनी ओळखीच्या बिल्डरच्या सहीशिक्क्यावर भागवली, हे आज विचारत नाही. पालक बसलेत.

साईटशिवाय बांधकाम शिकता येत नाही, हे काही आजचं ज्ञान नाही. पुण्यात 1854 मध्ये इंजिनिअरिंगची शाळा निघाली, तेच आजचं सीओईपी. इमारती, कालवे, पूल उभे करायला हाताखालची तयार माणसं हवीत, म्हणूनच ती निघाली. तिकडे अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर या सिव्हिलच्याच प्राध्यापकाने 1906 मध्ये 27 विद्यार्थी घेऊन एक वेगळा प्रयोग सुरू केला. मुलांच्या जोड्या लावल्या. एकजण आठवडाभर वर्गात बसायचा, तेव्हा दुसरा कारखान्यात त्याची जागा चालवायचा. पुढच्या आठवड्यात अदलाबदल. यातली खुबी बघा. जागा रिकामी राहत नव्हती, म्हणून मालकाला त्या मुलांच्या हाती खरं काम देता येत होतं.

आपल्याकडे नेमकं इथेच घोडं अडतं. मे महिन्यात मुलगा चार आठवड्यांसाठी येतो. त्याच्यावाचून काही अडत नाही, म्हणून त्याला साईट ऑफिसात बसवतात. मस्टर भर, झेरॉक्स काढ, सिमेंटच्या गोण्या मोज. चौथ्या आठवड्यात प्रमाणपत्र, वर ‘कष्टाळू आणि होतकरू’ असा शेरा. कॉलेजही खूश, कारण फायलीत कागद आला.

आता हे चार आठवडे म्हणजे 28 दिवस. हा आकडा तुम्हाला झोपेतसुद्धा आठवायला हवा. स्लॅब टाकताना चाचणीसाठी भरलेले काँक्रीटचे क्यूब सात दिवसांनी फोडतात आणि खरा निकाल 28 दिवसांनी येतो. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला स्लॅबचे टेकू साध्या परिस्थितीत सात दिवस ठेवायचे, त्याहून मोठ्या गाळ्याला 14. सहा मीटरवरच्या बीमला 21. हे आयएस 456 मध्ये आहे आणि तुम्ही परीक्षेत लिहिलंही आहे. पण ज्याच्या इंटर्नशिपच्या दहाव्या दिवशी स्लॅब टाकला गेला, तो त्या स्लॅबचा निकाल लागायच्या आत घरी गेलेला असतो. त्याने काँक्रीट ओतलेलं पाहिलं, ते काँक्रीट कसं निघालं हे त्याला कळलंच नाही.

म्हणून माझं मागणं साधं आहे. इंटर्नशिपची मुदत कॅलेंडर बघून ठरवू नका, एका स्लॅबवरून ठरवा. ड्रॉइंग हातात आल्यापासून 28 दिवसांचा निकाल येईपर्यंत एका विद्यार्थ्याकडे एक स्लॅब. बारबेंडिंग शेड्यूल त्याने काढायचं, सळई त्याने मोजायची, कव्हरचे ठोकळे त्याने तपासायचे, क्यूबवर तारीख त्याने घालायची. हे आठ आठवड्यांत बसतं. सहीची जबाबदारी अर्थातच साईट इंजिनिअरची.

एक जागा जवळून दाखवतो. बाल्कनीची मुख्य सळई वरच्या अंगाला असते, हे दुसऱ्या वर्षाच्या मुलालाही ठाऊक असतं. स्लॅबच्या दिवशी त्याच सळईवरून दहा माणसं पंपाचा पाईप ओढत ये-जा करतात. सळईला खालून आधार देणाऱ्या चेअर कमी पडल्या असतील तर जाळी इंचभर खाली बसते. वर काँक्रीट पडलं की संपलं, कुणाला दिसत नाही. सळई बांधणारा फिटर मात्र चेअर कुठे आहे ते बघून पाय टाकतो. पोरगं त्याच्याजवळ उभं राहिलं तर तो दरडावेलही, ‘ए साहेब, तिथे नको, इकडून ये.’ इंटर्नशिपच्या फॉर्मवर ‘उद्योगातील मार्गदर्शक’ असा एक रकाना असतो. त्यात या माणसाचं नाव कधी येत नाही. यायला हवं, आणि त्याला त्याचं मानधनही मिळायला हवं.

मुलींचं वेगळं सांगायला लागतं, याची लाज वाटते. त्यांना सर्रास ऑफिसात बसवतात. का, तर ‘साईटवर सोय नाही’. बांधकाम कामगारांसाठीच्या 1996 च्या कायद्यानेच कामाच्या जागी संडासाची सोय करणं मालकावर बंधनकारक केलं होतं. म्हणजे त्याच साईटवर घमेली वाहणाऱ्या बायकांसाठीही ती सोय नाही, हे उत्तर देणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने कबूल केलेलं असतं. विद्यापीठाने अशा साईटवर मुलगाही पाठवू नये.

पैशांचं थोडक्यात. शिकाऊ उमेदवारांचा कायदा 1961 चा; 1973 च्या दुरुस्तीने पदवीधर आणि पदविकाधारक इंजिनिअर त्यात आले, विद्यावेतनासकट. पदवीआधी येणाऱ्या पोराला मात्र बसभाडंही खिशातून घालावं लागतं. खेड्यातून आलेला मुलगा मग जवळची, फुकटची, नावापुरती साईट शोधतो. त्याला दोष कसा द्यायचा?

प्राध्यापकांना एक विनंती. तो स्पायरल बाइंडिंगचा चाळीस पानी अहवाल बंद करा. त्यातली पस्तीस पानं मागच्या बॅचची असतात, हे तुम्हालाही माहीत आहे. रोजची डायरी मागा, मळकी असली तरी चालेल. तोंडी परीक्षेत एवढंच विचारा: तुझ्या स्लॅबचा सात दिवसांचा निकाल किती आला, आणि कमी आला असेल तर साईटवर पुढे काय केलंत?

आणि तुम्ही, आजचे पदवीधर. दोन-तीन वर्षांत तुम्ही साईट इंजिनिअर असाल आणि एखाद्या मे महिन्यात कोरं हेल्मेट घातलेली एक मुलगी पत्र घेऊन तुमच्या टेबलापाशी येईल. त्या दिवशी तुमच्यामागे बिलाची घाई असेल, ठेकेदाराचा फोन चालू असेल. तिला मस्टर देऊ नका. पुढचा स्लॅब कोणत्या तारखेला आहे ते सांगा, ड्रॉइंगची एक प्रत द्या आणि फिटरशी गाठ घालून द्या.