खिशांतलें पिस्तूल

शाळामास्तरानें पिस्तुलावर बोलावें हें आपणांपैकीं पुष्कळांना चमत्कारिक वाटेल. ज्याच्या हातांत उभा जन्म खडू आणि फार तर वेताची छडी, त्याला हा विषय सुचावा तरी कसा? पण हा विषय मीं शोधला नाहीं. तोच अक्कलकोट रस्त्यानें आमच्या कुंभारीस माझ्या ओसरीवर चालत आला.

गेल्या फाल्गुनांत एके संध्याकाळीं माझा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. सोलापूरच्या बाजार समितींत त्याची कांद्याची आडत आहे. पट्ट्या चुकत्या करून उरलेली रोकड पिशवींत घालावी आणि रात्रीं मोटारसायकलनें घरीं यावें, हा त्याचा नेहमींचा क्रम. आठ दिवसांपूर्वीं दोघांनीं त्याला अंधारांत अडविलें, मानेवर सुरा धरला आणि पिशवी नेली. जातांना एकानें त्याच्या थोबाडींतही दिली. पुढें टाकीवर त्याची सात वर्षांची मुलगी बसलेली होती. तिला तो आजोळाहून घेऊन येत होता.

“गुरुजी,” तो म्हणाला, “पैसे गेले त्याचें कांहीं नाहीं. पण ती पोर आतां रात्रीं माझ्याबरोबर बाहेर निघत नाहीं.” एवढें बोलून त्यानें खिशांतून एक रंगीत कागद काढला. त्यावर एका चपट्या, काळ्या, तळहाताएवढ्या पिस्तुलाचें चित्र होतें. “हें घ्यावें म्हणतों. इंचभर जाडीचें आहे. सदऱ्याखालीं कोणाला दिसणारसुद्धां नाहीं. तुम्ही काय म्हणतां?”

तो कागद मीं ठेवून घेतला आणि त्याला चार दिवसांनीं यावयास सांगितलें. या चार दिवसांत जें वाचलें, विचारलें आणि आठवलें, तेंच आज आपणांपुढें मांडतों. माझे तीन प्रश्न होते : वस्तु कशी आहे, कायदा काय म्हणतो, आणि ती वस्तु बाळगणाऱ्या माणसाचें काय?

प्रथम वस्तु. चपटें पिस्तूल ही कांहीं आजची कल्पना नव्हे. जॉन ब्राउनिंग या अमेरिकन कारागिरानें योजलेलें असें पिस्तूल बेल्जममधील एका कारखान्यानें १९०० च्या सुमारास बाजारांत आणलें. रिव्हॉल्व्हरमध्यें काडतुसांचें वाटोळें फिरतें चाक असतें, म्हणून तें कमरेला फुगून दिसतें. ब्राउनिंगनें काडतुसें मुठींत एकावर एक रचलीं आणि हत्यार पुस्तकासारखें चपटें झालें. पुढें १९३१ सालीं जर्मनींतील वाल्थर कारखान्याचें पीपीके हें पिस्तूल निघालें. त्याची लांबी सुमारें साडेपंधरा सेंटिमीटर, जाडी अडीच, वजन सहाशें ग्रॅमच्या आंत, आणि मुठींत सात काडतुसें. माझ्या विद्यार्थ्याच्या कागदावरील पिस्तूल हें याच कल्पनेचें नवें रूप होय.

आतां चपटेपणाची किंमत काय पडते तें पाहूं. कारण या व्यवहारांत कांहींच फुकट मिळत नाहीं. मूठ आंखूड, म्हणून करंगळीला जागा उरत नाहीं आणि पकड अपुरी पडते. वजन कमी, म्हणून गोळी सुटतांना हाताला हिसका अधिक बसतो. नळी आंखूड, म्हणून नेमांत चूक वाढते. हें शेवटचें त्रैराशिकानें सहज कळेल. मागची खांच आणि पुढची माशी यांमध्यें १० सेंटिमीटर अंतर असेल आणि नेम धरतांना १ मिलिमीटरची चूक झाली, तर १० मीटरवर गोळी १० सेंटिमीटर बाजूला जाईल. हेंच अंतर २० सेंटिमीटर असेल, तर चूक निम्मी होईल. आणि १ मिलिमीटरची चूक ही शांत बसलेल्या माणसाची. ज्याच्या मानेवर सुरा आहे, त्याच्या हाताची चूक किती होईल, हें गणित मला मांडतां येत नाहीं.

काडतुसाचाही विचार केला पाहिजे. कागदावरील पिस्तूल ९ मिलिमीटरचें होतें. हा बोअर आपल्या कायद्यानें सामान्य नागरिकाला निषिद्ध आहे. म्हणजे ज्या वस्तूवर आमच्या गृहस्थाचें मन बसलें होतें, ती त्याला मिळणारच नव्हती. नागरिकांच्या हातीं जें पिस्तूल बहुधा असतें तें बत्तीस बोअरचें. त्याची गोळी साडेचार ग्रॅमहून किंचित् जड असून सेकंदाला सुमारें पावणेतीनशें मीटर वेगानें जाते. नऊ मिलिमीटरच्या गोळीचा जोर तिच्या अडीचपटीहून अधिक भरतो. परदेशी हत्यारांची खाजगी आयात १९८० नंतरच्या दशकांत बंद झाली. त्यामुळें जुन्या विलायती पिस्तुलांना भलत्याच किंमती येतात. आपल्याकडे सरकारी कारखान्यांतून बत्तीस बोअरचीं पिस्तुलें व रिव्हॉल्व्हरें निघतात. कानपूरच्या कारखान्यानें २०१४ सालीं ‘निर्भीक’ नांवाचें हलकें रिव्हॉल्व्हर स्त्रियांसाठीं म्हणून काढलें. त्याचें वजन पांचशें ग्रॅमच्या आसपास आणि किंमत त्या वेळीं सवा लाखाच्या जवळपास होती.

लहान हत्यारावर किती भरंवसा ठेवावा, याचा एक दाखला आपल्या पुण्यांतच आहे. २२ जुलै १९३१ रोजीं फर्ग्युसन कॉलेजांत वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्यानें हंगामी गव्हर्नर हॉटसन यांच्यावर अगदीं जवळून गोळी झाडली. ती खिशांतल्या पाकिटाच्या धातूच्या गुंडीवर अडली आणि हॉटसन वांचले. त्याआधीं २१ डिसेंबर १९०९ रोजीं नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहांत कलेक्टर जॅक्सन ज्या हत्यारानें मारले गेले, तें ब्राउनिंगच होतें. त्या प्रसंगांचें राजकारण हा आजचा विषय नव्हे. मला त्यांतून एवढेंच दिसतें कीं, लपविलेलें पिस्तूल ज्याला आधीं वार करावयाचा आहे त्याच्या कामास येतें. स्थळ तो ठरवितो आणि वेळही तोच ठरवितो. रस्त्यावर अडविल्या गेलेल्या माणसाला यांतलें कांहींच ठरवितां येत नाहीं.

आतां कायदा. १९५९ चा शस्त्र अधिनियम आणि २०१६ चे नियम यांप्रमाणें परवान्यावांचून पिस्तूल बाळगणें हा गुन्हा आहे. वयाचीं २१ वर्षें पुरीं झालेलीं असावीं लागतात. ग्रामीण भागांत अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करावयाचा, आयुक्तालय असलेल्या शहरांत पोलीस आयुक्तांकडे. पोलीस चौकशी होते आणि हत्यार हाताळण्याचें शिक्षण घेतल्याचा दाखलाही लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनें एका माणसाला तीनांऐवजीं दोनच हत्यारें ठेवतां येतात, आणि लग्नकार्यांत हौसेनें गोळीबार करणाराला दोन वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. पिस्तूल सार्वजनिक जागीं न्यावयाचें तर तें म्यानांत, पूर्ण झांकलेलें आणि आपल्या ताब्यांत असलें पाहिजे. निवडणुकीच्या दिवसांत तें बहुधा ठाण्यावर जमा करावें लागतें.

आणि गोळी झाडल्यानंतरचा कायदा निराळाच. आत्मसंरक्षणाचा हक्क पूर्वीं दंडसंहितेंत होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेंत आहे. जबरी चोरीच्या प्रसंगीं हा हक्क फार दूरवर पोंचतो. परंतु संरक्षणापुरती जितकी इजा अवश्य, तितकीच करण्याची मुभा असते. चोर पाठ फिरवून पळूं लागला आणि मागून गोळी घातली, तर संरक्षण संपून सूड सुरू होतो. ही रेघ कोठें आहे हें न्यायाधीश महिनोन् महिने विचार करून ठरवितात. पिस्तूलवाल्याला तें एका श्वासांत ठरवावें लागतें.

राहिला माणूस. तो चार दिवसांनीं आला, तेव्हां मीं त्याला एक लांकडी ठोकळा दिला. आमच्या गांवच्या सुताराकडून तो पीपीकेच्या मापाचा करवून घेतला होता आणि पोटांत शिसें ओतून त्याचें वजन सहाशें ग्रॅम केलें होतें. “हें तुझें पिस्तूल,” मीं म्हणालों. “आठ दिवस कमरेला बांध. झोंपतांना कुलुपांत ठेव. एक दिवसही चुकूं नको.”

तो हंसला, पण शाळेंतला जुना धाक अजून शिल्लक होता; घेऊन गेला. तेव्हां चैत्र लागला होता. आमच्या सोलापुराकडचें ऊन आपण जाणतांच. अंगावर एक पातळ सदरासुद्धां नकोसा होतो. पहिल्या दिवशीं ठोकळा घामानें भिजला. “तें लोखंड असतें तर त्याला आज रात्रीं पुसून तेल द्यावें लागलें असतें,” मीं म्हटलें. दुसऱ्या दिवशीं मोटारसायकलवर बसतांना तो बरगडींत रुतूं लागला. तिसऱ्या दिवशीं आडतीवर कांद्याच्या गोणीला हात लावण्यास तो वांकला आणि सदरा वर सरकला, हमालानें विचारलें, “मालक, हें काय?” चौथ्या दिवशीं त्यानें मुलीला उचललें, तों तिच्या गुडघ्याला तें टोंचलें. तिनेंही तेंच विचारलें, आणि त्याला उत्तर सुचेना. पांचव्या दिवशीं ठोकळा घरींच राहिला.

सहाव्या दिवशीं मीं त्याला माझ्या अंगणांत उभें केलें. “मी मागून थांब म्हणेन. ठोकळा काढून समोर धर.” मीं थांब म्हटलें आणि आंकडे मोजूं लागलों. सदरा वर करणें, म्यानाचें बटण काढणें, ठोकळा मुठींत नीट येणें, यांत पांच आंकडे गेले. त्या पांच आंकड्यांत मी माझ्या म्हाताऱ्या पायांनीं अंगण ओलांडून त्याच्या मानेवर हात ठेवला होता. आम्ही दोघेही हंसलों नाहीं.

मग मीं त्याला एक गोष्ट सांगितली. ती मीं आजवर फारशी कोणाला सांगितलेली नाहीं.

माझें आजोळ पूर्वींच्या निजामी हद्दीलगतचें. १९४७-४८ सालीं रझाकारांच्या भीतीनें त्या भागांतलीं माणसें रात्र रात्र जागत. १९४८ च्या सप्टेंबरांत सोलापुराहून भारतीय फौज नळदुर्गाकडे निघाली आणि पांच दिवसांत तें प्रकरण मिटलें. पण मनांतली धास्ती इतक्या लवकर मिटत नसते. पुढें माझ्या आजोबांनीं परवाना काढून एक बेल्जमी पिस्तूल घेतलें. त्यांच्यामागें तें माझ्या मामांकडे आलें. मामा बाजाराला निघाले कीं तें कोपरीच्या आंतल्या खिशांत असे. पंचवीस वर्षांत त्यांना तें कोणावर रोखण्याची वेळ आली नाहीं.

मी दहा वर्षांचा असतांना एके दुपारीं मामा बाजाराहून आले, त्यांनीं पिस्तुलांतलें मॅगझीन काढून पेटींत टाकलें, पिस्तूल कोनाड्यांत ठेवलें आणि ते आडवे झाले. त्यांच्या मतें तें रिकामें होतें. माझ्याही मतें तें रिकामें होतें; मॅगझीन काढतांना मीं डोळ्यांनीं पाहिलें होतें. मीं तें उचललें, आणि शिपायासारखा नेम धरून चाप ओढला.

श्रोतेहो, मॅगझीन काढलें तरी एक काडतूस नळीच्या मागच्या घरांत राहूं शकतें. रिव्हॉल्व्हरचें चाक उघडलें म्हणजे सगळीं काडतुसें दिसतात. पिस्तुलाचें तसें नाहीं. वरची स्लाइड मागें ओढून आंत पाहिल्याशिवाय तें रिकामें म्हणूं नये. हें मला त्या दुपारीं कळलें. आजी खांबापाशीं बसून ताक घुसळीत होती. गोळी तिच्या कानावरून जाऊन खांबांत शिरली. कितीतरी वेळ कोणी बोललें नाहीं. मग आजीनें ताकाचें भांडें बाजूला सारलें, माझ्या हातांतलें तें काढून घेतलें आणि मला पोटाशीं धरलें. मामांनीं मला एक शब्दही विचारला नाहीं. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं पिस्तूल ठाण्यावर जमा केलें, तें पुन्हां आणलें नाहीं. तें घर पडेपर्यंत खांबाचें भोंक मात्र तसेंच होतें.

ही हकीकत ऐकून माझा विद्यार्थी बराच वेळ गप्प राहिला. “मग घेऊं नको म्हणतां?” त्यानें विचारलें.

मीं म्हटलें, “बाबा रे, तसें मी म्हणत नाहीं. तुझ्या मानेवर सुरा होता, माझ्या नव्हता. घ्यावयाचें तर आधीं शिकून घे, आणि महिन्याकाठीं सराव चुकवूं नको. घरांत लोखंडी कपाट कर, काडतुसें त्याहून वेगळीं ठेव, किल्ली स्वतःजवळ ठेव. एवढें होणार नसेल, तर त्या हत्याराचा धोका चोरापेक्षां तुझ्या घरालाच जास्त. आणि त्याआधीं एक विचार कर : चोरांनीं तुला अडविलें तें तूं निःशस्त्र म्हणून, कीं तूं रोज त्याच वेळीं, त्याच वाटेनें, रोकड घेऊन एकटा येतोस म्हणून?”

त्यानंतर त्यानें शेतकऱ्यांच्या पट्ट्या होतां होईल तों परस्पर बँकेंत भरण्यास आरंभ केला. उरलेली रोकड दिवसाढवळ्या जाते. संध्याकाळीं कुंभारीकडे येणारे तिघे-चौघे व्यापारी आतां एकमेकांची वाट पाहून बरोबर निघतात. परवान्याचा अर्ज त्यानें भरून ठेवला आहे. तो अजून कपाटांतच आहे. तो फाडून टाक असें मीं सांगितलेलें नाहीं. त्या रात्रीची भीति खरी होती, आणि खऱ्या भीतीला उपदेश पुरत नाहीं हें मला ठाऊक आहे.

परवां तो मुलीला पुढें बसवून माझ्याकडे आला होता. दिवेलागण झाली होती. परत निघतांना तिनें बापाला विचारलें, “बाकीचे काका आले का?” रस्त्यावर त्यांचे दिवे दिसत होते. ती टाकीवर चढून बसली.