शेकरूची वाट

खार म्हटली की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे अंगणात बागडणारी, पाठीवर पट्टे मिरवणारी चिमुकली खारूताई उभी राहते. सेतुबंधाच्या वेळी प्रभू रामचंद्रांनी तिच्या पाठीवरून बोटे फिरविली व ते पट्टे उमटले, ही कथा देशात सर्वत्र सांगितली जाते. परंतु याच कुळातील एका थोरल्या भावंडाच्या पाठीवर एकही पट्टा नाही. कथेच्याच न्यायाने पाहिले तर त्याचे कारण उघड आहे. सेतू बांधावयाचा तर जमिनीवर उतरावे लागते, आणि हे भावंड सहसा जमिनीवर उतरतच नाही. त्याचे नाव शेकरू.

भीमाशंकराच्या दर्शनाला गेलेल्या श्रोत्यांपैकी काहींनी ते पाहिलेही असेल. देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर माथ्यावरून एकाएकी खडखडाट केल्यासारखा कर्कश आवाज येतो, पाने हलतात, आणि तांबूस-तपकिरी रंगाची एक लांबलचक आकृती या झाडावरून त्या झाडावर गेलेली दिसते. डोके व धड मिळून सव्वा ते दीड फूट, त्याहून लांब झुपकेदार शेपूट आणि वजन दोन किलोच्या आसपास, असा हा प्राणी आहे. घरातला उंदीर आणि हा दोघेही कृंतक वर्गातले, हे सांगितल्यावाचून खरे वाटत नाही. दातांची गोष्ट मात्र दोघांची एकच. पुढचे पटाशीसारखे दात जन्मभर वाढत राहतात. त्यांच्या बाहेरचा थर कठीण व आतला मऊ असल्यामुळे कुरतडता कुरतडता त्यांना आपोआप धार लागते. फळांतील कठीण बिया हे शेकरूचे मुख्य अन्न असल्यामुळे ही धार त्याला जन्मभर पुरावी लागते. शिवाय फळांचा गर, फुले, कोवळी पाने, झाडाची साल, क्वचित पक्ष्यांची अंडी, असा त्याचा आहार ऋतूप्रमाणे बदलतो. ज्या दिवसांत रानात फळे नसतात त्या दिवसांत ते काय करते, हा प्रश्न रेनी बोर्जेस या विदुषींनी भीमाशंकर आणि कर्नाटकातील मागोड अशा दोन अरण्यांत हिंडून अभ्यासला.

त्याची जेवावयास बसण्याची रीत मोठी मौजेची आहे. मागच्या पायांनी फांदी घट्ट धरून ते आडवे होते. एका बाजूस डोके व पुढचे पाय, दुसऱ्या बाजूस लोंबणारी शेपटी, आणि मध्ये फांदी. तराजूची दांडीच जणू. पुढचे दोन्ही पंजे अशा रीतीने मोकळे राहतात व फळ सोलण्याचे काम निश्चिंतपणे चालते. हीच शेपटी उडी मारताना तोल सांभाळते. वीस फुटांचे अंतर शेकरू सहज ओलांडून जाते. संकट आले तर मात्र पुष्कळदा ते पळत नाही. खोडाला किंवा फांदीला अंग चिकटवून निश्चल पडून राहते. आकाशातून झडप घालणाऱ्या गरुडाला फसविण्यास ही युक्ती पुरते.

शेकरूचे घरटे म्हणजे काटक्या व पाने यांचा मोठा गोळा. ते उंच झाडाच्या शेंड्याकडील बारीक फांद्यांवर बांधलेले असते, कारण बिबळ्यासारख्या जड शत्रूचा तेथे शिरकाव होत नाही. एकाच शेकरूची अशी अनेक घरटी असतात. पिलू एक, क्वचित दोन. एवढा खटाटोप केल्यावर संसार मात्र एकट्याचा. विणीचा काळ सोडला तर दुसऱ्या शेकरूचा शेजार त्याला खपत नाही.

घरट्यासाठी झाड निवडताना ते कशाची पारख करते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. झाड उंच हवे, हे खरेच. पण त्याच्या फांद्या शेजारच्या झाडांच्या फांद्यांत गुंतलेल्या हव्यात. चहूबाजूंनी वाट हवी. सह्याद्रीच्या दाट रानापासून दूर, मध्य प्रदेशातील बोरीच्या अरण्यात साग आणि पानझड यांचे राज्य आहे. तेथेही शेकरू राहते, पण नदीनाल्यांच्या काठी. अपराजिता दत्त व एस. पी. गोयल यांनी १९९६ मध्ये तेथील दोन नदीकाठच्या रानांची तुलना प्रसिद्ध केली, ती याच दृष्टीने महत्त्वाची आहे.

म्हणजे शेकरूची खरी मालमत्ता झाडे नव्हेत. एका झाडाने दुसऱ्याला जेथे स्पर्श केला आहे ती जागा होय. सरकारी दफ्तरांत झाडांची मोजदाद होते, त्यांच्या घेराचीही होते. दोन झाडांमधील अंतर लिहिण्याचा रकाना मात्र सहसा आढळत नाही. शंभरांपैकी दहा झाडे एका ओळीने काढून तेथून रस्ता नेला, तर वहीत नव्वद झाडे उरतात; शेकरूच्या लेखी एका अरण्याची दोन अरण्ये होतात. पलीकडे जाण्यासाठी त्याला जमिनीवर उतरावे लागते, आणि जमिनीवरचे शेकरू म्हणजे कुत्र्याची किंवा मोटारीची शिकारच.

यात केवळ रस्त्याला दोष देऊन चालणार नाही. मावळात आणि घाटमाथ्यावर शेतकरी राब भाजतो. झाडांच्या फांद्या तोडून, वाळवून, भाताच्या रोपांसाठी राखलेल्या तुकड्यावर तो त्या जाळतो. त्याने तण मरते, राखेचे खत होते व रोप जोमदार येते. हा त्या माणसाच्या भाकरीचा प्रश्न आहे, आणि शहरात बसून त्याला अरण्याचा शत्रू ठरविणे सोपे असले तरी न्याय्य नव्हे. पण झाड न मारता झाडाचा हात तेवढा तोडला, तरी वरची वाट तुटते हेही तितकेच खरे. ज्या देवरायांत पिढ्यान्‌पिढ्या कुऱ्हाड शिरली नाही, तेथे ती अजून शाबूत आहे. देवाच्या धाकाने जे राखले गेले ते कायद्याने राखावे, म्हणून १९८५ साली भीमाशंकरच्या सुमारे १३० चौरस किलोमीटर रानाचे अभयारण्य झाले. शेकरू आता महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे. दक्षिणेत अण्णामलईच्या डोंगरांत, वाल्पराईच्या चहामळ्यांमधून जाणाऱ्या रस्त्यावर सिंहपुच्छ वानरांसाठी झाडांना जोडणारे झुलते पूल टांगण्यात आले आहेत. तसला उपाय शेकरूसाठीही करून पाहण्यासारखा आहे, मात्र उगवलेल्या फांदीची सर त्याला यावयाची नाही.

शेकरूचे रंग प्रदेशाप्रमाणे बदलतात. केरळात त्याला मलयण्णान, म्हणजे डोंगरातली खार, म्हणतात. तेथे त्याच्या अंगावर काळा रंगही ठळक असतो. भीमाशंकरच्या तांबूस शेकरूला १८३१ साली कर्नल साइक्स यांनी मुंबईचे माजी गव्हर्नर एल्फिन्स्टन यांचे नाव दिले. त्याला वेगळा प्रकार मानावे की नाही, याविषयी तज्ज्ञांत एकमत नाही. आणखी एक प्रकार होता, सर्वांत फिका, जवळजवळ पांढुरका. तो सुरतेकडील डांगच्या रानातला. १८९७ साली ब्लॅनफर्ड यांनी त्याचे वर्णन केले. तो प्रकार नामशेष झाला असावा, असे प्राणिशास्त्रज्ञ मानतात. डांगात सागाची झाडे आजही पुष्कळ आहेत.