कागदाच्या पट्टीचें रसायन

विहिरीचें पाणी डोळ्यांस निर्मळ दिसलें म्हणजे तें पिण्यास योग्यच असतें, असें नाहीं. शेतावर फवारलेल्या कीटकनाशकाचा अंश पावसाबरोबर जमिनींत मुरतो आणि झऱ्यांत उतरतो. त्याला रंग नसतो. वास किंवा चवही पुष्कळदां जाणवत नाहीं. युरोपांतील दंडकाप्रमाणें पिण्याच्या 1 लिटर पाण्यांत कोणतेंही एक कीटकनाशक सामान्यतः 0.1 मायक्रोग्रॅमहून अधिक असतां कामा नये. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. अर्थात् ही मर्यादा एक हजार कोटि भाग पाण्यांत एक भाग इतकी सूक्ष्म आहे.

एवढा अल्प पदार्थ मोजावा कसा? यंत्र पुरेसें तीक्ष्ण असलें म्हणजे झालें, अशी सर्वसाधारण समजूत असते. परंतु पाण्यांत क्षार असतात, मातीचे कण असतात, कुजलेल्या पाल्याचे अंश असतात. या गर्दींत हवा तो पदार्थ हरवून जातो. धान्य मापीं घालण्यापूर्वीं तें सुपांत पाखडावें लागतें. त्याचप्रमाणें मोजमापापूर्वीं हा पदार्थ वेचून थोडक्या जागेंत गोळा करावा लागतो. पृथक्करणांतील खरें कसब येथेंच आहे.

जुन्या पद्धतींत नरसाळ्याच्या आकाराच्या बंद पात्रांत पाणी व क्लोरोफॉर्मसारखें द्रावक एकत्र घुसळीत. हवा तो पदार्थ द्रावकांत उतरे. पण द्रावक पुष्कळ लागे, आणि तें स्वतःच विषारी! 1990 सालीं कॅनडांतील वॉटर्लू विद्यापीठांतून आर्थर व पावलिशिन यांनीं निराळी वाट दाखविली. केसासारख्या बारीक सिलिका-तंतूवर लेप चढवून तो तंतूच पाण्यांत बुडवावयाचा, म्हणजे लेप तो पदार्थ ओढून घेतो. पुढें तंतूच्या जागीं अधिक पृष्ठभाग देणारे पातळ पापुद्रे आले, आणि त्याच विचारानें कागदही पुढें आला.

रसायनशाळेस कागद नवा नव्हे. लिटमसचा कागद शाळेंतील मुलांसही ठाऊक आहे. 1944 सालीं इंग्लंडांतील लीड्स येथें कॉन्सडेन, गॉर्डन व मार्टिन यांनीं गाळण-कागदावर अमिनो आम्लें एकमेकांपासून वेगळीं करून दाखविलीं. कागद म्हणजे सेल्युलोजच्या तंतूंचें जाळें. त्याला पाण्याची ओढ फार. परंतु अनेक कीटकनाशकांना पाण्यापेक्षां तेलकट पदार्थ अधिक जवळचे वाटतात. म्हणून कोऱ्या कागदावर तीं फारशीं टिकत नाहींत. लेपाची गरज पडते ती या कारणानें.

हा लेप अतिसूक्ष्म कणांचा असावा, याचें मर्म साध्या अंकगणितांत आहे. 1 सेंटिमीटर बाजूच्या घनाचा पृष्ठभाग 6 चौरस सेंटिमीटर असतो. त्याच घनाचे 10 नॅनोमीटर बाजूचे तुकडे कल्पिले, तर सर्वांचा मिळून पृष्ठभाग 600 चौरस मीटर भरतो. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. माल तितकाच, पण धरून ठेवणारी जागा दहा लाख पट!

कृति कठीण नाहीं. कर्बाच्या अतिसूक्ष्म नलिका, पॉलिस्टायरीनसारखा एखादा बहुवारिक पदार्थ विरघळविलेल्या द्रावकांत मिसळतात. गाळण-कागदाची पट्टी त्यांत बुडवून वाळवितात. लागल्यास पुन्हां बुडवितात. ज्यांच्या रेणूंत कर्बाचीं वलयें असतात असे पदार्थ या नलिकांना सहज चिकटतात. स्पेनमधील कॉर्दोबा विद्यापीठांतील रसायनज्ञांनीं लेपित कागदांवर बरेंच संशोधन केलें आहे. तयार पट्टी पाण्यांत कांहीं वेळ फिरवावयाची, धुवावयाची, आणि थोड्याशा मिथेनॉलमध्यें बुडवून पकडलेला पदार्थ सोडवावयाचा. 100 मिलिलिटर पाण्यांतील सर्व अंश 1 मिलिलिटरांत आला, तर त्याची तीव्रता शंभरपट होते. 2010 सालीं अमेरिकेंतील पर्ड्यू विद्यापीठांतून कागदी फवाऱ्याची युक्ति प्रसिद्ध झाली. तींत टोकदार कागदावर द्रावकाचा थेंब टाकून विजेचा मोठा दाब देतात, आणि पदार्थ कागदावरून थेट वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रांत जातो.

मात्र सर्व अंश पकडला जातोच असें नाहीं; पट्टी व पाणी यांत त्याची वांटणी होते. म्हणून वेळ, तपमान व ढवळण्याची गति प्रत्येक खेपेस सारखी ठेवावी लागते. लेप कोठें जाड, कोठें विरळ असेल, तर दोन पट्ट्या दोन उत्तरें देतील. कागदांतूनच कांहीं निघत नाहीं ना, हें पाहण्यासाठीं शुद्ध पाण्यांत बुडविलेली पट्टीही सोबत तपासावी लागते. शेवटचें मोजणारें यंत्र तर अजूनही महागच आहे.

तरीही पट्टी स्वस्त आहे, हलकी आहे, आणि विहिरीच्या कांठींही बुडवितां येण्यासारखी आहे. यंत्र शहरांत राहिलें तरी चालेल. पण ज्या घागरींतून मूल पाणी पितें, त्या घागरीचा हिशेब त्या यंत्रापर्यंत पोंचला पाहिजे. तो पोंचविण्याचें काम हा साधा कागद करूं शकेल, हेंच त्याचें महत्त्व होय.