पक्षी दुखणं लपवतो

मी कॉम्प्युटरवाला, पण घरी पोपट पाळलाय म्हणून मला बोलायला उभं केलंय.

अबू धाबीत १९९९ पासून ससाण्यांचं खास रुग्णालय आहे. तिथे तुटलेल्या पिसालाही दुसऱ्या पिसाचा जोड देतात! (इथल्या ससाण्यांना पासपोर्टही असतो, व्हिसाची कटकट आपल्यालाच.)

आपल्या पोपटाचं काय? पक्षी दुखणं लपवतो. रानात जो आजारी दिसला, तो शिकाऱ्याच्या तोंडी गेलाच. पिसं फुगवून तो पिंजऱ्याच्या तळाशी बसला, की बहुधा उशीर झालेला असतो. म्हणून दर आठवड्याला ग्रॅमच्या काट्यावर वजन करून लिहून ठेवा. ते उतरलं, की पक्ष्यांच्या डॉक्टरकडेच न्या.

आणि वहिनी, नॉनस्टिक तवा रिकामा तापत ठेवू नका. त्याच्या धुराने पक्षी काही मिनिटांत जातो.