घड्याळ चुकते तेव्हा

शाळा सुटल्याची घंटा दोन मिनिटे आधी झाली, तर मुलांना आनंदच होतो. पण परीक्षेच्या दिवशी तीच घंटा दोन मिनिटे आधी झाली, तर कोणाचे तरी अखेरचे उत्तर अपुरे राहते. वेळ राखण्याचे काम यंत्राकडे सोपवायचे असेल, तर ते यंत्र का चुकते हेही समजून घेतले पाहिजे.

समजा, एखाद्या शाळेतील मुलांनी मायक्रोकंट्रोलरवर चालणारी घंटा तयार केली आहे. वेळ राखण्यासाठी तीत डीएस १३०७ नावाची घड्याळाची चिप आहे. चिपशेजारी क्वार्ट्झचा लहानसा स्फटिक आणि वीज गेली तरी घड्याळ चालू ठेवणारी, नाण्याच्या आकाराची तीन व्होल्टची बॅटरी आहे. स्फटिक सेकंदाला ३२,७६८ कंपने करतो. ही संख्या निम्मी निम्मी करीत गेले, की पंधराव्या खेपेस बरोबर एक उरतो; तोच घड्याळाचा सेकंद.

आठवडाभर घंटा ठीक वाजते. मग एके रात्री वीज जाते आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या तासालाच मधल्या सुट्टीची घंटा होते. मुले वेळ पुन्हा लावतात. पुन्हा वीज जाते, पुन्हा तोच प्रकार. अखेर चिपच खराब आहे असे ठरते. नवी चिप आणली जाते आणि तीही तशीच वागते.

येथे चूक चिपची नसून घाईची आहे. घड्याळ चुकते एवढेच म्हणून भागत नाही. ते कसे चुकते हे आधी पाहावे. ते मुके झाले आहे, विसरते आहे, की मागेपुढे पडते आहे? या तिन्ही दुखण्यांची औषधे निराळी आहेत.

मुके घड्याळ मायक्रोकंट्रोलरला उत्तरच देत नाही. दोघांचे संभाषण एसडीए आणि एससीएल या दोन तारांवर चालते. प्रत्येक तार एका रेझिस्टरने, बहुधा ४.७ किलोओहमच्या, पुरवठ्याच्या धन बाजूस जोडलेली असावी लागते. त्यानंतर पुरवठा मोजावा. या चिपला किमान साडेचार व्होल्ट लागतात. पुरवठा बॅटरीच्या सव्वापटीखाली उतरला, की वीज गेली असे समजून ती बोलणे बंद करते. तीन व्होल्टची सव्वापट पावणेचार. म्हणून ३.३ व्होल्टवर जोडलेली चिप निर्दोष असूनही गप्प बसते.

विसराळू घड्याळाच्या बाबतीत, वीज परत आल्यावर ते कोणती वेळ दाखवते हे टिपून ठेवावे. ते २००० सालच्या १ जानेवारीवर थांबलेले असेल, तर बॅटरी उलटी बसली आहे, संपली आहे किंवा तिचा स्पर्श नीट होत नाही. चिपमध्ये घड्याळ थांबवणारी एक खूण असते. ती पुसल्याखेरीज सेकंद पुढे सरकत नाहीत. परंतु दर वेळी एकच जुनी वेळ येत असेल आणि ती प्रोग्रॅम तयार केल्याची वेळ असेल, तर बॅटरीस दोष देऊ नये. प्रोग्रॅममधील वेळ लावण्याची ओळ यंत्र सुरू होताच दर खेपेस चालते आणि बरोबर राखलेली वेळ पुसून टाकते. आपल्या मुलांचे दुखणे हेच होते. ती एक ओळ काढून प्रोग्रॅम पुन्हा भरला, की पहिली चिपही चांगलीच असल्याचे दिसून येते.

तिसरे दुखणे मागेपुढे पडण्याचे. स्फटिकात दहा लाखांत वीस भागांची चूक असेल, तर दिवसाला सुमारे पावणेदोन सेकंद आणि महिन्याला जवळजवळ एक मिनिट फरक पडतो. त्याहून पुष्कळ अधिक फरक पडला, तर जोडणी पाहावी. मायक्रोकंट्रोलरच्या स्फटिकास दोन कपॅसिटर लावण्याची सवय असलेली मुले येथेही ते लावतात. वास्तविक या चिपमध्ये ती सोय आतच आहे, आणि जादा कपॅसिटर घड्याळ मंद करतात. उलट, स्फटिकाच्या लांब तारांत बाहेरचा विद्युत्-गोंगाट शिरला, तर घड्याळ धावू लागते. म्हणून स्फटिक चिपला अगदी लागून असावा. चालू घड्याळात त्याच्या पायांना मापनयंत्राची टोके लावू नयेत. तेवढ्या स्पर्शानेही कंपने बदलतात किंवा थांबतात.

रोज सकाळी वेळ लावून घेणे सोपे असते, पण त्याबरोबर चुकीचा पुरावाही पुसला जातो. त्यापेक्षा दाखवलेली वेळ आणि खरी वेळ वहीत शेजारी शेजारी लिहावी, एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि पुन्हा पाहावे. चार-आठ दिवसांत वही स्वतःच बोलू लागते. असे शोधून दुरुस्त केलेल्या घंटेवर परीक्षेच्या दिवशीही विसंबता येते.