सप्टेंबरच्या पटात न आलेली मुलं



पाऊस ओसरला की आपल्या जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत दोन कामांची घाई उडते. निवृत्तीनगरला विघ्नहर कारखान्यात आणि पारगावला भीमाशंकर कारखान्यात बॉयलर अग्निप्रदीपनाची तयारी चालते, आणि शाळांमध्ये पट पक्का होतो. शाळेला शिक्षक किती, हे ठरवणारी संचमान्यता 30 सप्टेंबरच्या पटावर होते. गाळप हंगामाची तारीख मंत्री समिती ठरवते. अलीकडे ती 1 नोव्हेंबर असते किंवा 15 नोव्हेंबर. म्हणजे मराठवाड्यातून, खानदेशातून, नगरच्या पूर्व भागातून आलेल्या ऊसतोड टोळ्यांची मुलं आपल्या शिवारात उतरतात, तेव्हा शाळेचा वर्षाचा हिशेब मिटलेला असतो. ज्या गावानं आईबापांचे श्रम घेतले, त्या गावच्या शाळेत त्यांच्या मुलांना गावच्या मुलांइतकीच जागा असली पाहिजे, आणि ती जागा मोजणीपासून सुरू होते, एवढंच मला आज मांडायचं आहे.

हा तोटा केवढा आहे ते पाहा. शाळा जूनच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत चालते. त्यातले नोव्हेंबर ते मार्च हे महिने फडाजवळच्या झोपडीत, म्हणजे कोपीवर गेले, तर मुलाच्या हाती जेमतेम निम्मं वर्ष राहतं. आठवीपर्यंत असंच चाललं, तर आठ वर्षं हजेरीपटावर नाव असलेलं मूल प्रत्यक्षात चारएक वर्षंच वर्गात बसलेलं असतं. तेही सलग नाही. भागाकार शिकवायला घेतला की हे मूल निघतं, आणि परततं तेव्हा वर्ग अपूर्णांकांवर पोचलेला असतो. अशा मुलाला ‘मागे पडणारं’ म्हणणं अन्यायाचं आहे. त्याला जे शिकवलंच गेलं नाही, ते त्याला येत नाही.

आता कोपीवरचा दिवस. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, त्या कोयत्यावर घेतलेली असते. एक हात कमी पडला की फेड लांबते. त्यामुळे दोघंही अंधारातच फडात जातात. तो तोडतो, ती पाचट काढून मोळ्या बांधते आणि डोक्यावरून गाडीत चढवते. दुपारनंतर उसाचे वाढे चाऱ्यासाठी विकायचे असतात. ट्रक रात्री कधी लागेल याचा नेम नसतो. या सगळ्या वेळात झोळीतलं तान्हं बाळ नऊ-दहा वर्षांच्या बहिणीच्या हवाली असतं. भोवती ऊस आणि उसात बिबट्या, हे जुन्नर-आंबेगावात कुणाला समजावून सांगायला नको. त्या मुलीला शाळेत आणायचं असेल, तर आधी त्या बाळाची सोय करावी लागेल. अंगणवाडीतलं पूर्वप्राथमिक शिक्षण तिसऱ्या वर्षापासून सुरू होतं, आणि झोळीतलं बाळ त्याहून लहान असतं. तळावर पाळणाघर नसेल तर मुलींच्या पटनोंदणीचे सगळे संकल्प कागदावरच राहतील.

यावर पहिला आक्षेप असा की मुलांना गावीच ठेवावं, त्यासाठी हंगामी वसतिगृहं आहेत, संत भगवानबाबा वसतिगृह योजनाही आहे. या योजना हव्यातच, त्या वाढायलाही हव्यात. मोठ्या मुलांसाठी हाच चांगला मार्ग आहे. पण सहा-सात वर्षांचं मूल पाच महिने दूर ठेवायला आईचं मन धजत नाही, वयात येणाऱ्या मुलीला मागे ठेवायची भीती वाटते, आणि बाळ सांभाळायला कुणीतरी हवंच असतं. त्यामुळे वसतिगृहं कितीही झाली तरी काही मुलं येणारच. जी येतात त्यांचं काय, याचं उत्तर त्यांच्या मूळ गावाला देता येणार नाही.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा आहे आणि तो खरा आहे. दोन शिक्षकी शाळेत चार वर्ग, त्यात नोव्हेंबरात निरनिराळ्या पातळीची मुलं आली तर शिकवायचं कसं? शिक्षण हक्क कायद्यानं स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांचा प्रवेश ही स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी ठरवली आहे. वयानुरूप वर्ग आणि विशेष प्रशिक्षण सांगितलं आहे. दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हेही त्यात आहे. पण त्या मुलांसाठी माणूस कोण देणार? सप्टेंबरच्या पटात ती नाहीत, म्हणून त्यांच्या नावावर शिक्षक नाही. शिक्षक नाही, म्हणून ती वर्गाला ओझं वाटतात. हे चक्र शिक्षकाच्या सदिच्छेवर सोडणं बरोबर नाही. ऊसपट्ट्यातल्या शाळांची दुसरी मोजणी डिसेंबरच्या मध्याला व्हावी आणि त्या पटावर हंगामापुरते शिक्षक मिळावेत, ही मागणी या परिषदेनं शासनाकडे केली पाहिजे.

‘टोळ्या एका जागी थांबत नाहीत, मग मोजायचं कुणाला?’ असंही विचारलं जातं. बैलगाडीवाल्यांचा तळ बहुधा हंगामभर हलत नाही. ट्रक-ट्रॅक्टरच्या टोळ्या फिरतात, पण त्या आज कुठल्या गावात आहेत हे कारखान्याच्या शेतकी विभागाला आणि तोडणीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या चिटबॉयला ठाऊक असतं. फडातला ऊस वेळेत गाळपाला यावा म्हणून ही माहिती रोज गोळा होते. तोडणी-वाहतुकीचे करार हंगामाच्या कितीतरी आधी होतात. त्याच करारात टोळीबरोबर किती मुलं येणार, त्यांची वयं आणि सध्याची इयत्ता काय, एवढा एक रकाना घालायला अडचण कसली? ती यादी केंद्रप्रमुखाकडे गेली, तर टोळी पुढच्या गावी हलली तरी मूल त्याच यादीत राहील.

खर्चाचा प्रश्न निघेलच. 1882 साली शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी हेच विचारलं होतं: महसूल रयतेच्या कष्टातून येतो, मग शिक्षणाचा पैसा वरच्या वर्गांवर का जातो? आज ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी टनामागे 10 रुपये घेण्याचं धोरण आहे. मुळात तो याच कष्टातून उभा राहणारा पैसा आहे. पाळणाघर आणि हंगामी शिक्षक हा त्याचा पहिला विनियोग असावा.

ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी पूर्वी असलेल्या साखरशाळा पुन्हा काढाव्यात का, असंही काहीजण सुचवतात. त्या शाळा तळाजवळ होत्या आणि तिथला शिक्षक टोळीचं वेळापत्रक जाणत होता, हे त्यांचं मोल. पण वेगळी शाळा अखेर वेगळीच राहते, आणि तिथलं शिक्षण मूळ शाळेत धरलं जाईल याची खात्री नसते. म्हणून वर्ग गावच्या शाळेचाच असावा, गरज पडेल तिथे तो तळाजवळ भरावा, आणि मार्चमध्ये निघताना मुलाच्या हाती हजेरी व मूल्यमापनाचा कागद असावा.

एक गोष्ट आपल्या घरातली. भातकापणी आटोपली की आदिवासी पश्चिम पट्ट्यातून महादेव कोळी, ठाकर, कातकरी कुटुंबं कांदालागवडीला, पुढे टोमॅटोच्या तोडणीला पूर्वेकडे उतरतात. नारायणगावच्या मजूर बाजारात ती रोज दिसतात, पण त्यांची मुलं कुठल्या शाळेत आहेत याची नोंद ठेवणं कुणाचंच काम नाही. बीडहून आलेल्या ऊसतोड कुटुंबाच्या मुलाबाबत जिल्हा वेगळा, खातं वेगळं, अशी सबब तरी असते. हे मूल मात्र एकाच गटशिक्षणाधिकाऱ्याच्या कार्यक्षेत्रात एका शाळेतून निघून दुसरीच्या दाराशी आलेलं असतं. तेव्हा सुरुवात इथूनच करू. पश्चिमेकडच्या मुख्याध्यापकांनी कुटुंब निघतानाच मुलाचं नाव खालच्या शाळेला कळवावं, आणि खालच्या मुख्याध्यापकांनी आठवड्याच्या आत ते मूल वर्गात आल्याचं उलट कळवावं. यासाठी शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही. दोन्ही तालुक्यांचे मुख्याध्यापक आज या सभागृहात आहेत. दुपारच्या सत्रात कोणत्या गावांतून कोणत्या गावांत कुटुंबं जातात याची यादी आपण करू, आणि संध्याकाळच्या ठरावाला ती जोडू.