परदेशी जाताना घरी ठेवून जायची फाईल



आज इथं शिरूरची मुलं-मुली आहेत, दौंडची आहेत. कुणी रांजणगावच्या एमआयडीसीत फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन आहे, कुणी कुरकुंभच्या केमिकल कंपनीत ऑपरेटर आहे, कुणाचे अब्बा रेल्वेतून रिटायर झालेत. आणि बहुतेकांच्या नात्यात कुणी ना कुणी सौदीला, दुबईला किंवा कतारला आहे. बाहेर जायचं ठरलं की घरात तीनच गोष्टींची चर्चा होते: व्हिसा कधी, पगार किती, एजंटला द्यायचे किती. मागे काय राहतं, याची चर्चा होत नाही. मागे राहतो आपला पीएफ, बँकेचं खातं, पॅन कार्ड, वडिलोपार्जित जमीन आणि म्हाताऱ्या आईवडिलांची पेन्शन. मी आज त्यावरच बोलणार आहे.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. आखाती देशांत पगारावर आयकर नाही, हे खरं. पण तिथं आपल्याला म्हातारपणाची पेन्शनही नाही. मिळते ती नोकरी संपताना एकदाच मिळणारी ग्रॅच्युइटी. अमिरातीत पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला २१ दिवसांचा मूळ पगार आणि पुढच्या प्रत्येक वर्षासाठी ३० दिवसांचा. सौदीत पहिली पाच वर्षं अर्धा महिना, नंतर पूर्ण महिना. वीस वर्षं घाम गाळून पन्नाशीत परत आलेल्या माणसाच्या हातात ही रक्कम येते, तीही एकदाच. मुलीचं लग्न, घराचा स्लॅब, आणि संपली. त्यानंतरची वीस-पंचवीस वर्षं कशावर काढायची, हा खरा प्रश्न आहे. म्हणून इथं जे थोडंफार जमलंय, ते जाताना मोडायचं का, याचा विचार करा.

पीएफचं उदाहरण घेऊ. तुमच्या पगारातून १२ टक्के कापले जातात, तेवढेच मालक भरतो. पण मालकाच्या वाट्यातले ८.३३ टक्के तुमच्या पीएफमध्ये जात नाहीत, ते पेन्शन योजनेत, म्हणजे ईपीएसमध्ये जातात. सप्टेंबर २०१४ पासूनच्या १५ हजार रुपयांच्या मर्यादेवर ते महिन्याला जास्तीत जास्त १,२५० रुपये होतात. या योजनेत दहा वर्षं नोकरी भरली तर ५८ व्या वर्षापासून पेन्शन मिळते. ती तहहयात मिळते, आणि माणूस गेल्यावर बायकोला त्याची निम्मी मिळते.

आता समजा, एका मुलानं रांजणगावला सहा वर्षं काम केलं आणि तो दुबईला निघाला. त्याच्यापुढं दोन रस्ते आहेत. फॉर्म १० सी भरून पेन्शनचे पैसे काढून घेता येतात, म्हणजे सहा वर्षांची सेवा पुसली गेली. किंवा त्याच फॉर्मवर पैशांऐवजी 'स्कीम सर्टिफिकेट' मागता येतं. हे सर्टिफिकेट ती सहा वर्षं जपून ठेवतं. आठ वर्षांनी तो परत आला, पुन्हा एखाद्या कंपनीत पाच वर्षं राहिला, की सहा आणि पाच मिळून अकरा होतात. हिशेब असा: पगार गुणिले वर्षं, भागिले ७०. १५ हजारांवर अकरा वर्षांचे महिन्याला सुमारे २,३५७ रुपये. रक्कम मोठी नाही, मान्य. पण ज्या म्हाताऱ्याला औषधाच्या गोळ्यांसाठी मुलापुढं हात पसरावा लागतो, त्याला विचारा दर महिन्याच्या दोन हजारांची किंमत.

पीएफची मुख्य रक्कम परदेशी नोकरीसाठी जाताना काढता येते. पण पाच वर्षं सलग नोकरी झालेली नसेल तर त्यावर कर लागतो, आणि रक्कम ५० हजारांच्या वर असेल तर आधीच टीडीएस कापला जातो. चार वर्षं दहा महिने झालेल्यानं दोन महिन्यांची घाई करून नुकसान करून घेऊ नये. नोकरी सोडल्यानंतर खात्यावर जे व्याज जमा होतं, तेही करपात्र आहे.

आता आपल्या लोकांना सर्वांत जास्त कुठं अडतं ते सांगतो. नावात. आधारवर 'शेख' आधी, पासपोर्टवर शेवटी. एका कागदावर 'मोहम्मद', दुसऱ्यावर 'मुहम्मद', तिसऱ्यावर नुसतं 'मो.' आणि टिंब. बहिणींचं तर लग्नाआधीचं नाव एका कागदावर आणि नंतरचं दुसऱ्यावर. कंपनीच्या एचआरनं घाईत टाइप केलेलं स्पेलिंग तसंच यूएएनला चिकटतं, आणि दहा वर्षांनी क्लेम परत येतो. ही दुरुस्ती इथं असताना, कंपनीत ओळख असताना होते. रियाधमधून होत नाही. तेव्हा निघण्याआधी आधार, पॅन, पासपोर्ट, बँक आणि पीएफ, पाचही कागद समोर ठेवून नाव आणि जन्मतारीख अक्षर न् अक्षर जुळवा. नोकरी सोडल्याची तारीख पीएफच्या नोंदीत चढली का, तेही पाहा. आणि आधारला जोडलेला मोबाइल नंबर बंद पडू देऊ नका, रिचार्ज करत राहा. सगळे ओटीपी त्याच नंबरवर येतात. नंबर गेला की खातं असून नसल्यासारखं.

लग्न झाल्यावर नॉमिनेशनही नव्यानं भरा. अविवाहित असताना भरलेलं नॉमिनेशन तसंच ठेवलं तर पुढं घरात वाद होतात. आणि नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँकेतून पैसे नॉमिनीच्या हातात येतात, पण त्यात वारसांचा, म्हणजे आईचा, बायकोचा, मुलींचाही हक्काचा वाटा असतो. तो त्यांना पोचला पाहिजे.

आता बँक आणि कर. नोकरीसाठी देश सोडला की फेमा कायद्यानं तुम्ही अनिवासी ठरता. मग इथलं साधं बचत खातं तसंच चालवता येत नाही, ते एनआरओ करून घ्यावं लागतं. बाहेरची कमाई पाठवण्यासाठी एनआरई खातं उघडा, त्यावरचं व्याज करमुक्त आहे. एनआरओच्या व्याजावर मात्र बँक ३० टक्के आणि वर सेस, म्हणजे ३१.२ टक्के टीडीएस कापते. समजा, एनआरओवर पाच लाखांची एफडी आहे आणि वर्षाला ३५ हजार व्याज आलं. १०,९२० रुपये कापले जातील. इथलं बाकी काही उत्पन्न नसेल तर हे सगळे पैसे परत मिळू शकतात, पण त्यासाठी रिटर्न भरावं लागतं. जो भरत नाही, त्याचे ते गेले. आपल्यातले काही जण व्याज स्वतःसाठी वापरत नाहीत, तो त्यांच्या श्रद्धेचा भाग आहे. पण खात्यात जमा झालेलं व्याज कायद्याच्या नजरेत उत्पन्नच असतं, ते रिटर्नमध्ये दाखवावंच लागतं.

"आमचं उत्पन्न बारा लाखांच्या आत, आम्हाला कर नाही," असं सर्रास ऐकू येतं. बारा लाखांपर्यंतची ती सूट निवासी माणसाला आहे, एनआरआयला नाही. एनआरआयचं भारतातलं उत्पन्न नव्या पद्धतीत चार लाखांच्या वर गेलं की कर सुरू. भाडं आणि व्याज मिळून सहा लाख करपात्र उत्पन्न असेल तर इथं राहणाऱ्या भावाला शून्य आणि दुबईतल्या भावाला सेससह १०,४०० रुपये. रिटर्नचा 'सहज' फॉर्मही एनआरआयला चालत नाही.

अनिवासी कोण, हे करासाठी दिवस मोजून ठरतं. एक एप्रिल ते ३१ मार्च या वर्षात नोकरीसाठी बाहेर जाणारा भारतीय १८२ दिवसांपेक्षा कमी इथं राहिला तर तो अनिवासी. सप्टेंबर संपण्याआधी गेला तर साधारण हे जमतं. डिसेंबरमध्ये गेला तर त्या वर्षापुरता तो निवासीच राहतो, आणि जानेवारी ते मार्चचा तिथला पगारसुद्धा इथं दाखवावा लागतो. सूट धरून कर कदाचित शून्य येईल, पण लपवणं महागात पडतं. एक एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या आयकर कायद्याच्या जागी २०२५ चा नवा कायदा आला आहे. कलमांचे आणि फॉर्मचे नंबर बदललेत, दिवस मोजण्याचं तत्त्व तेच आहे. पॅन बंद पडला असेल तर तोही पाहा. एनआरआयला पॅन-आधार जोडणीची सक्ती नाही, पण पोर्टलवर आपण अनिवासी आहोत अशी नोंद नसेल तर पॅन निष्क्रिय होतो आणि जास्त दरानं कर कापला जातो.

जमिनीचं बघू. घोड आणि भीमेच्या काठी ज्यांचं एक-दोन एकर आहे, त्यांनी ध्यानात ठेवावं: एनआरआयला शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसानं आलेली मात्र ठेवता येते. म्हणून अब्बांच्या पश्चात सातबारावर वारसनोंद लगेच करून घ्या, बहिणींच्या नावांसकट. गावातलं घर भाड्यानं दिलं असेल तर एनआरआय मालकाच्या भाड्यातून भाडेकरूनं टीडीएस कापायचा असतो. घर विकलं तर घेणाऱ्याला टीडीएस कापावा लागतो, तोही नफ्यावर नाही, पूर्ण किमतीवर. कमी कापावा म्हणून आयकर खात्याकडून आधीच प्रमाणपत्र घेता येतं. ते सौदा होण्याआधी मागायचं. शेतजमिनीचा नियम वेगळा. शिरूर-दौंडएवढ्या नगरपरिषदेच्या हद्दीपासून सरळ रेषेत दोन किलोमीटरच्या पलीकडची शेतजमीन विकली तर भांडवली नफ्याचा कर लागत नाही, अलीकडची असेल तर लागतो. घरपट्टी आणि शेतसारा भरायची जबाबदारी कुणाची, ते जाण्याआधी ठरवा. मुखत्यारपत्र द्यायचं तर ठरावीक कामापुरतंच द्या, सगळे अधिकार कुणालाही देऊ नका. बाहेरून पाठवलेलं मुखत्यारपत्र भारतीय दूतावासात साक्षांकित करून, इथं पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं.

दौंडमध्ये रेल्वेचे आणि एसआरपीएफचे पेन्शनर पुष्कळ आहेत. अब्बा-अम्मी मुलाकडे परदेशी गेले की नोव्हेंबरमधला हयातीचा दाखला राहून जातो आणि पेन्शन थांबते. आता जीवन प्रमाण मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतं, दूतावासातूनही दाखला मिळतो. त्यांच्या कॅलेंडरवर तुम्ही खूण करा.

जर्मनीला जाणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. भारत आणि जर्मनीत सामाजिक सुरक्षेचा करार २०१७ पासून लागू आहे, त्यात दोन्हीकडची वर्षं पेन्शनच्या पात्रतेसाठी एकत्र धरता येतात. आखाताशी असा करार नाही. तिथं जाणाऱ्यानं स्वतःची सोय स्वतः करायची. एनपीएस खातं एनआरआयलाही उघडता येतं, वर्षाला किमान हजार रुपये भरून. ज्यांच्या पासपोर्टवर ईसीआर आहे, त्यांनी प्रवासी भारतीय विमा घेतल्याशिवाय निघूच नये. दोन वर्षांचे २७५ रुपये, दहा लाखांचं संरक्षण.

पण सगळं ओझं एकट्या कामगारावर टाकून चालणार नाही. केरळनं २००८ मध्ये कायदा करून प्रवासी केरळी लोकांसाठी कल्याण मंडळ काढलं, त्यातून परत आलेल्यांना पेन्शन मिळते. महाराष्ट्रातूनही हजारो कामगार जातात. असं मंडळ इथंही हवं, ही मागणी आपण नागरिक म्हणून लावून धरली पाहिजे. कर भरणाऱ्याला मागण्याचा हक्क असतो, आणि हिशेब चोख असलेल्याचा आवाज मोठा असतो.

शेवटी एक काम सांगतो, आज रात्रीच करा. एक फाईल घ्या. त्यात यूएएन नंबर, स्कीम सर्टिफिकेट, पॅन, बँकेचे कागद, सातबारा, विमा आणि नॉमिनेशनची प्रत ठेवा. आणि ती कपाटाच्या लॉकरमध्ये कुलूप लावून ठेवू नका. बायकोला, बहिणीला, अम्मीला समोर बसवून एकेक कागद कशाचा आहे ते समजावून सांगा. तुम्ही तिकडे असताना या घरात तुमच्या वतीनं बोलणारी तीच आहे. तिला माहीत असेल, तरच तुमची कमाई घरात टिकेल.